वसईमार्गे लक्षद्वीप

१

कपाट फोडलेलं नव्हतं. किल्ली देवाच्या फोटोमागच्या खिळ्यावर होती, निळं फोल्डर साड्यांच्या खाली होतं. म्हणून तर हर्षदाला आधी काही कळलंच नाही. उद्या पहाटे निघायचं, तेव्हा सगळं एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून तिने दुपारी फोल्डर उघडलं. परवाने होते, पोलीस ठाण्याचे दाखले होते, रेल्वेची तिकिटं होती, जहाजाचं बुकिंग होतं. आधार कार्डं ठेवलेला कप्पा मात्र रिकामा होता. तिचं कार्ड नाही, गोकुळचं नाही, सासूबाईंचंही नाही.

तिने फोल्डर पलंगावर उलटं केलं, साड्या झटकल्या, कपाटाखाली हात घातला. हाताला धूळ लागली.

लक्षद्वीप ही आपल्याच देशातली बेटं, पण तिथे जायचं तर आधी परवाना काढावा लागतो. परवान्यासाठी फोटो द्या, ओळखपत्र द्या, आणि हा माणूस सरळ आहे असं पोलिसांकडून लिहून आणा. गोकुळ म्हणाला होता, "लग्नाच्या वेळी तुझ्या घरच्यांनी पण माझी एवढी चौकशी केली नव्हती." हर्षदाने हिवाळाभर या कामापायी खेटे घातले होते. ती जव्हारला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, गोकुळ मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून. रजा मिळवण्यापासून सगळं तिनेच केलं.

आणि हे सगळं सासूबाईंसाठी होतं. त्यांच्या गावी, सूर्यमाळला, उन्हाळ्यात पाण्याची बोंब, म्हणून कमूबाई दरवर्षी पावसापर्यंत जव्हारला येऊन राहायच्या. गेल्या वर्षी दवाखान्यातल्या भिंतीवर एका बेटाचं चित्र होतं. त्यापुढे त्या नंबर यायचा तो विसरून उभ्या राहिल्या. "एवढं पानी," म्हणाल्या, "आनि कोनी भरत नाय." हर्षदाने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाई तिला पाड्यावरच्या लोकांसारखं 'म्याडम' म्हणायच्या. तो शब्द तिला टोचायचा, पण सांगणार कुणाला?

तिचं आणि गोकुळचं कार्ड मोबाईलवरून काढता आलं असतं. सासूबाईंचं नाही. त्यांच्या कार्डाला जोडलेला नंबर कधीच बंद पडला होता. म्हणजे कार्ड सापडलं नाही तर कमूबाईंना जहाजावर घेणार नाहीत. आणि त्यांना मागे ठेवून निळं पाणी बघायला जायचं, ही कल्पनाच हर्षदाला सहन होईना.

मागच्या मोरीवर भांडी वाजत होती. घरकामाची तानी आली होती. सकाळी केर काढायला आतल्या खोलीत गेली होती ती तीच.

"तानी, कपाट पुसलंस का ग आज?" हर्षदाने विचारलं. साधाच प्रश्न होता, पण आवाज साधा नव्हता.

तानीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय हरवलं, ताई?"

"कार्डं नाहीत."

तानीने हात धुतले, पदराला पुसले आणि ठेवलेला चहा तसाच टाकून मागच्या दाराने निघून गेली. अर्धी भांडी राखेने माखलेली मोरीवर पडून राहिली.

२

शेजारच्या रोहिणीताई वारघडे पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. वर्दी गेली तरी नजर गेली नव्हती. कुठेही चौकशीला गेल्या की आधी चहा मागायच्या आणि चहा कोण करतं, कप कोण आणतं, कोण उगाच उभं राहतं, ते बघत बसायच्या. हर्षदाने त्यांनाच घरी बोलावलं.

"पोलिसात नको जायला," हर्षदा म्हणाली. "ते पहिलं तानीला उचलतील."

"आणि तू काय केलंस?" रोहिणीताईंनी शांतपणे विचारलं. हर्षदाने मान खाली घातली.

चहा गोकुळने केला. तो साखर विसरला होता. रोहिणीताईंनी कप खाली ठेवला. "गोकुळ, तुला जायचंय का रे या बेटावर?"

"जायचं ना." तो हर्षदाकडे न बघता म्हणाला.

"दाभोशाच्या डोहात बुडता बुडता वाचला होतास लहानपणी. अख्ख्या तालुक्याला माहीत आहे."

गोकुळ पलंगाच्या कडेवर बसला. "भीती वाटते," तो म्हणाला. "जहाजाचं नाव काढलं तरी रात्री झोप लागत नाही. पण मी कार्डं नाही घेतली, ताई. मला जायचं नसतं तर मी परवाना फाडला असता. परवाना आता पुन्हा निघणार आहे का? माझ्या कार्डाची नक्कल तर कुठल्याही सायबरवाल्याकडे मिळते."

हर्षदाला रागही आला आणि दयाही आली. हे आधी सांगता येत नव्हतं का?

"बरोबर बोललास," रोहिणीताई म्हणाल्या. "ज्याला सहल मोडायची, तो परवाना नेईल. चोराने परवान्याला हात लावला नाही. मग त्याला कार्डं कशाला हवी होती?"

हर्षदाच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. मंगेश. मोखाड्याचा, स्वतःची जीप चालवायचा आणि सहलींची बुकिंगंही करायचा. काल संध्याकाळी तो येऊन गेला होता. जाताना म्हणाला होता, "वहिनी, ओरिजिनल कार्डं निघताना गाडीतच माझ्याकडं द्या. परत येईपर्यंत मी सांभाळीन. लोक हरवतात, मग बोंबलतात." कार्डं घेऊन लोक सिम काढतात, कुणाच्या नावावर कर्ज काढतात, असलं रोज ऐकू येतं. काल तो बैठकीत बराच वेळ एकटा बसला होता.

फोन केल्यावर मंगेश तासाभरात हजर झाला. घाम पुसत म्हणाला, "वहिनी, जी कार्डं उद्या तुम्ही हातानं देणार, ती मी आज कशाला चोरू? माझ्या धंद्याचा सवाल हाय. उलट आता मीच अडकलो, एक सीट रिकामी गेली तर."

त्याचंही खरं होतं. रोहिणीताईंनी त्याला एकच विचारलं, "काल इथे काय काय बोलणं झालं? सगळं सांग."

"काय नाय. गाडी पहाटे येईल, वसईला जाईल. तिथून रेल्वेनं कोची. मग जहाज. राहनं-खानं सगळं तिकडंच, काय चिंता नाय. कोनाला मधीच यायचं झालं तर मात्र यायचं नाय, बोट ठरल्या दिवशीच सुटते. एवढंच. म्हातारी काय काय विचारत होती, तिला सांगितलं."

"म्हातारी काय विचारत होती?"

"असंच. मालक कोन, परत कोन आनून सोडील, असलं." मंगेश हसला. हर्षदालाही काल हसू आलं होतं.

रोहिणीताई हसल्या नाहीत. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. "हर्षदा, घरातली बाकीची कागदं कुठे असतात?"

"जमिनीची आणि बँकेची कपाटातच. ती आहेत. रेशनकार्ड तेवढं इकडे, पिठाच्या डब्यामागे." हर्षदाने बोलता बोलता डबा सरकवला. मागे भिंत होती, झुरळाचं एक अंडं होतं आणि दुसरं काही नव्हतं.

रेशनकार्डही गेलं होतं.

३

आता मात्र हर्षदाचं डोकं चालेना. लक्षद्वीपला जायला रेशनकार्ड लागत नाही. जहाजावर त्याला कोणी विचारत नाही. मग ते कोणी न्यावं आणि कशासाठी? की सगळं घरच कोणीतरी आपल्या नावावर करून घेतंय?

"तानीला माहीत होतं डब्यामागचं," ती पुटपुटली, आणि आपण पुन्हा तेच नाव घेतलं याची तिला लाज वाटली.

"तानीचं नाव नको घेऊस, म्याडम."

दारात कमूबाई उभ्या होत्या. दुपारपासून त्या पडवीत नागलीचे दाणे पाखडत बसल्या होत्या, आत आल्याच नव्हत्या. "त्या पोरीनं काय नाय घेतलं," म्हणाल्या आणि परत फिरल्या.

रोहिणीताई त्यांच्या मागोमाग पडवीत गेल्या. हर्षदाही गेली. पडवीच्या कोपऱ्यात कमूबाईंचं उद्याचं सामान बांधून ठेवलेलं होतं. सुटकेस हर्षदाने नवी आणली होती, ती भिंतीला टेकून तशीच रिकामी. शेजारी जुन्या लुगड्याचं गाठोडं. गाठोड्यातून तव्याची कड बाहेर आली होती.

"तवा कशाला, मावशी?" रोहिणीताईंनी विचारलं.

"मी पण तेच म्हटलं," हर्षदा म्हणाली. चार दिवसांपूर्वी सासूबाईंनी 'पातेलं घ्यायचं का' असं विचारलं तेव्हा तिने हसत हसत ही गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगितली होती. "अहो, हॉटेलात राहायचंय, तिथे सगळं मिळतं."

"सगले तसंच सांगतात," कमूबाई सुपाकडे बघत म्हणाल्या.

रोहिणीताईंनी गाठोड्याला हात लावला नाही. नुसतं वरून बघितलं. तवा होता, मिठाची पुडी होती, मिरच्या होत्या, एक गोधडी आणि नागलीच्या पिठाची पिशवी. बराच वेळ त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर पलीकडच्या टोपलीवर गेली.

ती बियाण्याची टोपली. दरवर्षी कमूबाई सूर्यमाळहून येताना नागलीचं बी बरोबर आणायच्या. दुसऱ्याच्या घरी बी ठेवलं तर ते आपलं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. टोपली झाकण लावून शेणाने लिंपून बंद केलेली असायची आणि पेरणीच्या दिवसापर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. हर्षदाही नाही, गोकुळही नाही.

रोहिणीताई टोपलीजवळ उकिडव्या बसल्या. "हर्षदा, घरात हा कसला वास येतोय?"

"शेणाचा. आईंनी पडवी सारवली असेल."

"पडवीला फरशी आहे," रोहिणीताई म्हणाल्या.

हर्षदाने खाली बघितलं. आपल्याच घरातली फरशी तिला आज पहिल्यांदा दिसत होती. टोपलीच्या अंगाचं लिंपण वाळून भुरकट पडलं होतं, त्याला चिरा गेल्या होत्या. झाकणाभोवतीचं मात्र गडद होतं, आणि ओलं.

४

मंगेश दारात चपला घालता घालता थांबला.

"मावशी," रोहिणीताई म्हणाल्या, "मी उघडू, की तुम्ही उघडता?"

कमूबाईंचे हात सुपावर थांबले. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. "पेरनीच्या आधी उघडू नये," म्हणाल्या. "मी सकाली उघडली. पाप मना लागंल. तुमी राहूं द्या."

"आई?" गोकुळ म्हणाला. "तू घेतलीस कार्डं? अगं, का?"

"तिला विचारू नकोस," रोहिणीताई म्हणाल्या. "तिने परवा, काल सगळं विचारलं होतं. आपण ऐकलं नाही. मी नोकरीत असताना एकदा वसईकडच्या वीटभट्टीवरून माणसं सोडवून आणायला गेले होते. त्या बायका गाडीत बसायच्या आधी हेच विचारत होत्या. मालक कोण? परत कोण सोडेल? कार्ड कोणाकडे? मधेच निघता येईल का?" त्या हर्षदाकडे वळल्या. "काल मंगेश काय म्हणाला ते आता मावशींच्या कानाने ऐक. पहाटे गाडी येईल. वसईला जाईल. राहणं-खाणं तिकडेच. मधे परत यायचं नाही. आणि जाताना कार्डं माझ्याकडे द्या."

शब्दन् शब्द तोच होता. तिने स्वतः मान हलवून हो हो म्हटलं होतं.

"कार्डं नेणाऱ्याला सहल मोडायची नव्हती," रोहिणीताई म्हणाल्या. "सहल म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं. कार्ड दुसऱ्याच्या हाती गेलं की माणूस गेला, एवढं माहीत होतं. म्हणून परवाना राहिला. म्हणून रेशनकार्ड गेलं, कारण त्या काळी भट्टीवाला तेच ठेवून घ्यायचा. तानी कपाटापर्यंत जाऊ शकते, मंगेश बैठकीत बसू शकतो. पण पेरणीच्या आधी ती टोपली उघडायची हिंमत या घरात एकाच माणसाला आहे."

मंगेशने चपला परत काढल्या. त्याचा चेहरा उतरला होता. "आजी, मी तसा माणूस नाय," तो हळूच म्हणाला.

"मुकादम पन गोडच बोलायचा," कमूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आमी भट्टीवर गेलो तवा गोकुल आश्रमशालेत होता. याचा बाप नवसू, आनि मी. मालकानं रेशनकार्ड पेटीत ठेवलं. माघाच्या थंडीत नवसूला ताप आला. मी मालकाला सांगलं, कार्ड दे, घरी जातूं. तो म्हनं, हंगाम होऊं दे. कार्डाबिगर घरी जाऊन खाशाल काय? आमी राहलो. मी ईटा थापीत होती, तो झोपडीत पडेल होता. पानी मागं, तवा मी जाऊन देवं." त्या थांबल्या. "मग मागं तो ना झाला, तिथंच भट्टीवर मेला."

गोकुळ उभा होता तो खाली बसला. "तू मला सांगितलंस बाबा सूर्यमाळला गेला," तो म्हणाला. "घरी. आपल्या ओट्यावर."

"तू शिकत होतास. तुला सांगलं असतं तर शाला सोडून आला असतास."

गोकुळ आईच्या पायाशी बसून राहिला. इतकी वर्षं तो बापाच्या आठवणीने ज्या ओट्यावर दिवा लावत होता, तिथे बाप मेलाच नव्हता. हर्षदाला त्याच्याकडे बघवेना.

"मना तुझ्यावर इस्वास हाय, म्याडम," कमूबाई म्हणाल्या. "पन शिकेल मानसालाबी फसवतात. मी सांगाया बघलं. तुमी हसलात."

हर्षदाला रडू आवरलं नाही. एवढे दाखले गोळा केले, एवढे फोटो काढले, आणि ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिला एकदा शेजारी बसवून कुठे जायचंय, का जायचंय, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. ती शाळेत पोरांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची. घरात मात्र हसून मोकळी झाली होती.

ती सासूबाईंसमोर फरशीवर बसली. "आई, आपण नाही गेलो तरी चालेल. उद्या गाडी येणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

कमूबाई उठल्या आणि टोपलीचं ओलं लिंपण बोटांनी सोडवू लागल्या. बी बाजूला सारून त्यांनी आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कार्डं काढली. त्यातलं आपलं कार्ड त्यांनी हातात धरलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"हे माझ्यापाशी राहील?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यापाशीच राहील."

"जहाजवाला मागंल तवा?"

"दाखवायचं आणि परत घ्यायचं."

कमूबाई विचार करत राहिल्या. येईन म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. हर्षदाच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. ती तशीच उठली आणि तानीच्या घरी गेली.

तानी अंगणात बसून लेकीची वेणी घालत होती. तिने वर बघितलं नाही. हर्षदा म्हणाली, "तानी, चूक माझी झाली. कार्डं घरातच होती." आणि आपल्या घराची किल्ली तिच्यासमोर धरली. "आम्ही गेलो तर घर तुझ्याकडे."

तानीने वेणी पुरी केली, रिबिनीची गाठ मारली. मग किल्ली घेतली. "भांडी तशीच हायत ना मोरीवर?" ती म्हणाली. "राहूं द्या. मी घासते."

५

पहाटे जीप आली. मंगेशने दार उघडून धरलं, सवयीने हात पुढे केला, आणि लगेच मागे घेतला. "कार्डं ज्याची त्याच्याकडं," तो स्वतःच म्हणाला.

कमूबाई गाठोडं घेऊन आल्या. सुटकेस शेवटी गोकुळच्या कपड्यांना कामी आली. तवा होताच. हर्षदाने तो बघितला आणि हसली नाही. कार्ड कनवटीला खोचलेलं होतं, त्यावर सासूबाईंचा हात होता. रस्ताभर तो हात तिथून हलला नाही. घाट उतरला, ऊन वर आलं. आपण आईंना पुन्हा त्याच वाटेने नेतोय, हा विचार हर्षदाच्या मनातून जाईना. दोनदा तिच्या तोंडावर आलं, मंगेश, गाडी वळव.

वसईच्या अलीकडे रस्त्याला लागून एक वीटभट्टी आली. कच्च्या विटांच्या रांगा, धूर, पत्र्याच्या झोपड्या. पाऊस यायच्या आधीची घाई चाललेली.

"थांबव," कमूबाई म्हणाल्या.

मंगेशने गाडी कडेला घेतली. कमूबाई उतरल्या. हीच ती भट्टी की दुसरी, कोणी विचारलं नाही. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. गोकुळ त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. विटा थापणाऱ्या एका बाईने मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. कमूबाईंनी गाठोडं सोडलं, मूठभर नागलीचं पीठ घेतलं आणि नवसूच्या नावाने तिथल्या तापलेल्या मातीवर ठेवलं. गोकुळने वाकून त्या मातीला हात लावला.

हर्षदा गाडीजवळच थांबली. आता त्या म्हणतील घरी चला, आणि आपण जायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

कमूबाई मागे वळल्या. कनवटीचं कार्ड काढून त्यांनी एकदा बघितलं, परत खोचलं आणि आपणहून जीपमध्ये चढल्या. सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"बस ग पोरी," त्या म्हणाल्या. "आता आपल्या मनानं निघता येतं."